तीनशे अठरा आणि तीनशे सतरा

बुधवारी सकाळी नऊला वीज आली. मी माझ्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा पडद्याच्या मधोमध एक लहानशी चौकट उघडली. तिच्यात एकच ओळ होती : 'हे पत्र तिकडच्या फोल्डरमध्ये नाही. इकडूनही काढून टाकायचे?' खाली दोन बटणं, होय आणि नाही. अशी चौकट आठवड्यातून दोनतीनदा येतेच. माझी बायको ओदेत स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपवर बसून जाहिराती काढून टाकते, चर्चमधल्या बायकांनी पाठवलेली फुलांची चित्रं काढून टाकते, आणि मी इकडे न वाचता होय दाबतो. त्या दिवशीही बोट बटणावर गेलंच होतं. पण फोल्डरचं नाव 'युम्ना' होतं. सहा वर्षांपूर्वी आमची मुलगी मॉन्ट्रियलला गेली, तेव्हापासून तिचं एकही पत्र आम्ही काढून टाकलेलं नाही. तिनं विमानतळावरून पाठवलेलं 'पोचले, बॅग मिळाली' एवढं तीन शब्दांचं पत्रसुद्धा दोन्हीकडे आहे. मी आकडे पाहिले. माझ्याकडे तीनशे अठरा, ओदेतकडे तीनशे सतरा. मी ते पुन्हा वाचले. एका पत्राच्या फरकानं एवढं घाबरायचं काय, असं मी स्वतःला म्हटलं. पण चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली आहेत मी. दोन प्रती जुळत नसल्या की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

आमच्या घरी हे दोन कॉम्प्युटर कसे आले आणि त्यांना एकमेकांशी का बांधावं लागलं, ते सांगतो. टेलिफोनची तार स्वयंपाकघरात येते, म्हणून बाहेरच्या जगाशी बोलतो तो ओदेतचा लॅपटॉप. सगळी पत्रं तिथे उतरतात आणि तिथूनच जातात. मला स्वयंपाकघरात बसून लिहिता येत नाही. कांदा चिरायचा आवाज झाला की माझं वाक्य तुटतं. म्हणून युम्नानं जाण्याआधी माझ्या खोलीत हा मोठा कॉम्प्युटर बसवला, घरातल्या बोळातून भिंतीच्या कडेनं एक तार ओढली आणि दोन्हींत एक प्रोग्रॅम घालून दिला. माझा कॉम्प्युटर सुरू होताना एकदाच तो दोन्हींकडचे फोल्डर शेजारी शेजारी धरतो. तिकडे नवं असेल ते इकडे आणतो, इकडे मी लिहिलेलं तिकडे नेतो, आणि एकीकडून काही गेलं असेल तर दुसरीकडूनही काढायचं का, ते विचारतो. "बाबा, हा तुमच्यासारखाच आहे," युम्ना म्हणाली होती, "दोन प्रती ताडून बघतो. फक्त सिगारेट पीत नाही." मी पत्र लिहितो, ते तारेतून ओदेतकडे जातं, ती ते पाठवते आणि पाठवलेली प्रत पुन्हा माझ्याकडे येते. माझा कॉम्प्युटर फक्त सरकारी विजेवर चालतो. वीज गेल्यावर चालणाऱ्या गल्लीतल्या खासगी जनरेटरचे आम्ही पैसे भरून पाचच अँपिअर घेतलेत. त्यात फ्रिज, दिवे आणि टीव्ही एवढंच बसतं, आणि जनरेटर सुरू होताना जो धक्का बसतो तो माझ्या जुन्या यंत्राला सोसत नाही. म्हणून वीज जायच्या दहा मिनिटं आधी मी ते बंद करतो. वीज रोज तीन तास जाते आणि तास रोज पुढे सरकतात : आज सहा ते नऊ, उद्या नऊ ते बारा, परवा बारा ते तीन, तेरवा तीन ते सहा, मग पुन्हा पहिल्यापासून. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फ्रिजवरच्या कॅलेंडरात हे तास पेन्सिलीनं भरायचं काम माझं. ओदेतची इस्त्री, तिचं केस धुणं, लिफ्टनं खाली जाणं, सगळं त्या कॅलेंडरावर चालतं. तिसऱ्या मजल्यावरची मारोची बायकोसुद्धा जिन्यातून ओरडते, "मिलहेम, आज कधी?" आणि मी न बघता सांगतो.

तर मी त्या चौकटीला हात न लावता पत्र उघडलं. मंगळवारचं होतं, सकाळी साडेअकराला उतरलेलं. युम्ना मला पत्र लिहिते ते नीट अरबी अक्षरांत, कारण मी चुका काढतो हे तिला माहीत आहे. हे पत्र तसं नव्हतं. आजची पोरं फोनवर लिहितात तसं ते लॅटिन अक्षरांत होतं, गळ्यातल्या उच्चारांसाठी मध्येमध्ये तीन आणि सात हे आकडे, आणि स्वल्पविराम औषधालाही नाही. अशा लिखाणाला मी डोळ्यांनी वाचूच शकत नाही. तोंडानं पुटपुटलं आणि कानांनी ऐकलं की मगच अर्थ लागतो. दार लोटून घेतलं आणि पुटपुटायला लागलो. पलीकडे ओदेत रेडिओ लावून मसूर निवडत होती. चोरी करतोय असं वाटत होतं, आणि करतच होतो. 'आई हे फक्त तुझ्यासाठी,' अशी सुरुवात होती. 'बाबांची पत्रं तू नीट करून पाठवतेस हे मला कळलं. जानेवारीत तुला ताप होता तेव्हा एक पत्र तसंच आलं. त्यात बाबांनी विचारलं होतं की सिमआनकाकाला तिथली थंडी मानवते का. मी दोन दिवस रडले. तू म्हणतेस त्यांना सांगू नकोस त्यांचा जीव जाईल. पण ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधत आले त्यांना स्वतःच्या बघायचा हक्क आहे. डॉक्टरांना दाखव. तुझ्याच्यानं होत नसेल तर मी येते आणि मी सांगते.'

सिमआन माझा भाऊ. शहात्तर साली यादवी युद्धात गेला, पाव आणायला म्हणून बाहेर पडला तो. त्याला मी माझ्या हातांनी मातीत ठेवलं आहे. पत्र संपलं तेव्हा मला आधी राग आला, आणि तो युम्नाचा आला. काहीतरी वाचते आणि काहीतरी समजते, लहानपणापासून तशीच आहे, मी मनाशी म्हणालो. आता माझी एक सवय आहे. मी कुठलंही पत्र आधी कागदावर पेन्सिलीनं लिहितो, छापखान्यातून आणलेल्या जुन्या गॅल्यांच्या, म्हणजे प्रुफांच्या लांबट कागदांच्या, कोऱ्या बाजूवर, आणि मग टाइप करतो. ते कागद मी फेकत नाही. खालच्या खणातून जानेवारीचा गठ्ठा काढला. माझंच अक्षर, बारीक, उजवीकडे झुकलेलं. 'सिमआनला तिथली थंडी मानवते का? त्याला म्हणावं, लोकरी मोजे घाल, त्याचे पाय लवकर गार पडतात.' पाय लवकर गार पडायचे हे खरं होतं. आम्ही एका पलंगावर झोपायचो, तो ते माझ्या पोटऱ्यांना लावायचा आणि मी ओरडायचो. ते वाक्य लिहिताना मला तो स्पर्श झाला असणार. पण मी ते कधी लिहिलं, कुठे बसून लिहिलं, काही म्हणजे काही आठवेना. मग मी फेब्रुवारीचा कागद काढला आणि पडद्यावर पाठवलेली प्रत उघडली. कागदावर एक बोट, पडद्यावर एक बोट. कागदावर तोच परिच्छेद दोनदा होता, शब्दाला शब्द. पडद्यावर एकदा. कागदावर मी विचारलं होतं, 'परीक्षा कधी?' युम्ना तिशी ओलांडलेली आहे, तिच्या परीक्षा संपून जमाना झाला. पडद्यावर होतं, 'कामाचा ताण फार नाही ना?' किती सफाईनं केलं होतं! कुठे सांधा दिसत नव्हता. गेल्याच आठवड्यात मी ओदेतला म्हणालो होतो, "बघ, वय झालं तरी माझ्या पत्रात एक चूक सापडायची नाही." आणि ती म्हणाली होती, "नजर लागेल, गप्प बस." मला आता त्या संभाषणाची भयंकर लाज वाटली.

मी ती चौकट तशीच ठेवून कॉम्प्युटर बंद केला. बटण दाबलं असतं तर प्रश्न मिटला असता, दोन्हीकडे तीनशे सतरा झाले असते, ओदेतला हवं होतं तसं. तिनं ते पत्र माझ्यापासून लपवायलाच काढून टाकलं होतं, आणि लपवण्यात तिची माया होती, हे न कळण्याइतका मी अजून गेलेलो नाही. पण मला भीती निराळीच वाटत होती. हे पत्र इथून गेलं आणि उद्या मला ते आठवलंच नाही तर? मग माझ्यात काय होतंय हे जगात मी सोडून सगळ्यांना माहीत असेल. मी पुन्हा ऐटीत सांगेन की माझ्या पत्रात चूक सापडायची नाही, आणि ती पुन्हा म्हणेल नजर लागेल. मी विसरतो हे मला सांगणारी एकच वस्तू या घरात होती, आणि ती माझ्या एका बोटाखाली होती. दुसरं बटण दाबावं, तर पत्र तारेतून तिच्या लॅपटॉपवर परत जाईल, आणि उद्या कॉफी ठेवून ती झाकण उघडेल तेव्हा ते तिच्यासमोर येऊन बसेल. एवढा दुष्टपणा मला जमणार नव्हता.

गुरुवार आणि शुक्रवार मी स्वतःची परीक्षा घेण्यात घालवले. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या सगळ्या जुळाऱ्यांची नावं ओळीनं आठवली, अकराच्या अकरा. सिमआनची जन्मतारीख, लग्नाला आलेल्या तबलेवाल्याचं नाव, आमच्या जेइतावी मोहल्ल्याच्या चढावरची दुकानं खालून वर. सगळं जागच्या जागी होतं. जुनं सगळं शाबूत आहे, असं म्हणून मी जरा सुखावलो, आणि गॅसवर कॉफी उतू जाऊन करपल्याचा वास आला. ती मीच ठेवली होती. ओदेत उठली. तिनं फडकं घेतलं, शेगडी पुसली आणि नवी कॉफी ठेवली. मला वाटलं, ही मला पुसून घेते आहे, कधीपासून पुसून घेते आहे कुणास ठाऊक. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या नजरेतही काहीतरी होतं. दोन दिवस ती मला वाजवीपेक्षा जास्त वेळा विचारत होती, "तुझं काम झालं का आतलं? काही नवीन आलंय का यंत्रात?" मी म्हणत होतो, "काही नाही." तिनं विचारायचं आणि मी नाही म्हणायचं, आणि दोघांनी पाव मोडून लबनेच्या घट्ट दह्यात बुडवायचा. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना इतकं घाबरून कधी जेवलो नव्हतो.

पण ते पत्र माझ्यापर्यंत आलंच कसं? ओदेत असली चूक करणारी बाई नाही. शुक्रवारी फ्रिजमधून पाणी घेताना माझी नजर कॅलेंडरावर गेली आणि उत्तर मिळालं. सोमवारच्या चौकोनात बारा ते तीन. मंगळवारच्या चौकोनातही बारा ते तीन. तोच मजकूर लागोपाठ दोनदा. जुळाऱ्यांची सगळ्यात नेहमीची चूक, आणि ती धरण्याबद्दल मला चाळीस वर्षं पगार मिळाला. मंगळवारी खरी वीज जायची होती तीन ते सहा. मग मला सगळं दिसायला लागलं. साडेअकराला पत्र आलं, ओदेतनं वाचलं. लगेच काढून टाकायला तिचा जीव झाला नसेल, लेकीचं पत्र, पुन्हा एकदा वाचायचं असेल. पावणेबाराला तिची दाताच्या डॉक्टरची वेळ होती. तिनं कॅलेंडर पाहिलं : बारा ते तीन वीज नाही, म्हणजे मिलहेमचा कॉम्प्युटर बंद, म्हणजे तीनपर्यंत इकडचं तिकडे जाणार नाही. ती निश्चिंत बाहेर पडली. बाराला वीज गेलीच नाही. मी, ज्यानं तो चौकोन भरला, साडेबारापर्यंत वाट पाहिली, सरकारला एकदा चांगलं म्हटलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. युम्नाची पत्रं आम्ही जेवणानंतर दोघं मिळून वाचतो, एकट्यानं उघडत नाही, म्हणून मी फोल्डरकडे पाहिलंसुद्धा नाही. पण पत्र येऊन बसलं होतं. दोनला ओदेत परतली तेव्हा माझ्या खोलीतून पंख्याची घरघर ऐकू येत असणार. ती बोळात थबकली होती. तिच्या गालात कापूस होता, म्हणून बोलत नाही असं मला वाटलं. आणि तीनला वीज गेली तेव्हा मी सरकारला शिव्या घातल्या. त्या दिवशी सरकार बरोबर होतं, चुकलो होतो तो मी.

शनिवारी दुपारी आमची हाकाहाक असते. प्रोग्रॅमवर माझा विश्वास नाही, म्हणून आठवड्यातून एकदा मी इकडून गेल्या महिन्याच्या पत्रांची तारीख आणि पहिले शब्द मोठ्यानं वाचतो, आणि ओदेत स्वयंपाकघरातून 'आहे' म्हणते. छापखान्यात असंच चालायचं. एकानं मूळ प्रत वाचायची, स्वल्पविराम आणि पूर्णविरामासकट, आणि दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवून मागोमाग जायचं. ओदेतची नि माझी ओळखच तशी झाली. ती वाचायला लागली होती आणि मी बोट ठेवायला. टेलिफोनची तार स्वयंपाकघरात येते, हे सांगायचं राहिलं, म्हणून ती तिकडे बसते आणि मी इकडे. अडीच वाजले होते. मसूर-भातावरच्या तळलेल्या कांद्याचा वास बोळभर होता. ती चौकट पडद्यावर चौथ्या दिवशीही तशीच उभी होती.

"दोन तारीख. 'बाबा, इथे बर्फ वितळायला लागलं.'"

"आहे!"

"पाच. 'आईच्या हातचं लोणचं संपलं.'"

"आहे. संपणारच. शेजाऱ्यांना वाटत सुटते."

"नऊ. 'फोटो पाठवते आहे, हसू नका.'"

"आहे. केस बघ काय करून ठेवलेत. घरटं नुसतं."

"तेरा. 'नवीन घराचा पत्ता लिहून घ्या.'"

"आहे."

पुढचं मंगळवारचं होतं. माझ्या बोटाखाली त्याची ओळ होती. मी श्वास घेतला, आणि तो नुसताच बाहेर सोडला.

"झालं," मी म्हणालो. "तुझ्याकडे एकूण किती?"

तिकडे नळ वाहत होता. तो बंद झाला. "तीनशे सतरा," ती म्हणाली. "तुझ्याकडे?"

"माझ्याकडेही तीनशे सतरा."

आयुष्यात पहिल्यांदा मी दोन न जुळणाऱ्या प्रतींवर 'बरोबर' असा शेरा मारला. मग बोळात तिच्या सपाता वाजल्या. ती हात पुसत दारात उभी राहिली. तिच्या कपाळावर पिठाचा की कशाचा तरी पांढरा डाग होता.

"मंगळवारचं नाही वाचलंस," ती म्हणाली.

"तुझ्याकडे आहे का?"

"नाही. तुझ्याकडे आहे."

ती माझ्या खांद्यामागे आली आणि तिनं चौकट पाहिली. "चार दिवस असाच ठेवलास हा प्रश्न? मी वाट बघत होते, तू होय दाबशील म्हणून. म्हटलं, कशाला बघेल तो, कधी बघतो! मग जेवताना मी तुला मीठ दिलं आणि तू थँक्यू म्हणालास, तेव्हा मला कळलं. चाळीस वर्षांत कधी म्हणाला नव्हतास."

"किती दिवस नीट करते आहेस माझी पत्रं?"

"गेल्या ईस्टरपासून."

"वर्ष झालं, ओदेत."

"वर्ष झालं. मग काय करायचं होतं मी? तुझ्यासमोर लाल पेन्सिल घेऊन बसायचं होतं? तू नाही का लोकांचं नीट केलंस? त्यांनी येऊन विचारलं का कधी तुला?" तिचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "मला भीती वाटत होती, मिलहेम. तुला कळलं की तू लिहायचंच थांबवशील. आणि तू लिहायचं थांबवलंस तर मला कसं कळणार, तुझ्यात काय काय उरलंय ते?"

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी उठून कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, ज्यावर कुणी बसत नाही, गॅल्या ठेवलेल्या असतात. गॅल्या जमिनीवर ठेवल्या. "बस," मी म्हणालो. "मला ती अक्षरं धड वाचता येत नाहीत. तीन काय, सात काय. तू वाच. मी बोट ठेवतो."

"सगळं?"

"सगळं. मूळ प्रतीबरहुकूम."

ती बसली. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मी पडद्यावर पहिल्या शब्दाखाली बोट टेकवलं. ती वाचू लागली, छापखान्यात वाचायची त्याच सपाट, न हलणाऱ्या आवाजात. 'आई हे फक्त तुझ्यासाठी. बाबांची पत्रं तू नीट करून पाठवतेस हे मला कळलं.' बोट सरकत होतं. 'सिमआनकाकाला' या शब्दापाशी ती क्षणभर अडली, मी बोट थांबवलं, ती पुढे गेली. आणि तेवढ्यात पंख्याची घरघर बंद पडली. तीन वाजले होते. या वेळी कॅलेंडर बरोबर होतं, मीच यंत्र बंद करायला विसरलो होतो. पडदा काळा झाला आणि त्यात आम्हा दोघांची डोकी दिसू लागली. खालच्या गल्लीत जनरेटर एकदा खोकला, बंद पडला, पुन्हा खोकला.

ओदेत थांबली नाही. त्याच आवाजात, काळ्या काचेकडे बघत ती पुढे वाचत राहिली. 'मी दोन दिवस रडले. तू म्हणतेस त्यांना सांगू नकोस त्यांचा जीव जाईल. पण ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधत आले त्यांना स्वतःच्या बघायचा हक्क आहे.' एकही शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. किती वेळा वाचलं असेल तिनं ते, काढून टाकण्याआधी, दात दुखत असताना! माझं बोट काचेवरच होतं. ओळी दिसत नव्हत्या, पण ती वाचेल तसं मी ते डावीकडून उजवीकडे नेत होतो आणि पुन्हा डावीकडे आणत होतो.

"थांब," मी म्हणालो. "'सांगू नकोस'नंतर स्वल्पविराम हवा."

"तिनं दिलेला नाही."

"पण हवा."

"बरं, हवा," ती म्हणाली आणि तिनं बाहीनं नाक पुसलं.

जनरेटर अखेर लागला. बोळातला दिवा पेटला, फ्रिज गुरगुरला. माझा पडदा काळाच राहिला, आणि त्याच्यामागे कुठेतरी ते तीनशे अठरावं पत्र होतं.

"सहाला वीज आली की यंत्र पुन्हा विचारील," मी म्हणालो.

"विचारू दे. आपण नाही म्हणू. मग माझ्याकडेही येईल."

"आणि मला आठवलं नाही तर? हे सगळं? आज आपण इथे बसलो होतो ते?"

काचेवरचं माझं बोट तिनं उचललं आणि पुन्हा पहिल्या ओळीच्या जागी आणून ठेवलं.

"तर मी परत वाचीन," ती म्हणाली. "तू फक्त बोट ठेव."

आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी माझ्या स्वल्पविरामासकट.